संगणकाची लेखी परीक्षा बंद करा

पहिल्या वर्षाचे पेपर आमच्याकडे महाविद्यालयातच तपासले जातात. गेल्या सत्रात संगणकाच्या पेपरचा गठ्ठा माझ्याकडे होता. प्रश्न होता, वर्ड प्रोसेसरमध्ये तक्ता कसा तयार कराल ते टप्प्याटप्प्याने लिहा. एका उत्तरपत्रिकेत सुंदर, गोलसर अक्षरात सगळं बिनचूक लिहिलेलं होतं. आधी ‘इन्सर्ट’वर जावे, मग ‘टेबल’ निवडावे, रकाने आणि ओळी ठरवाव्यात. शेजारी पट्टीने आखून पडद्याची आकृती काढली होती, पेन्सिलीने बाणसुद्धा दाखवले होते. मी दहापैकी नऊ गुण दिले.

पंधरा दिवसांनी तीच मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लॅबमध्ये आली. बोलताबोलता मी म्हटलं, बस, तोपर्यंत तुझ्या सहा विषयांच्या गुणांचा एक तक्ता करून दाखव. ती खुर्चीवर बसली. माउस पूर्ण मूठ वळून धरला. पडद्यावरचा बाण कुठे आहे हे तिला सापडेना. मी विचारलं, “अगं, याआधी बसली नाहीस का कधी?” ती म्हणाली, “बसले ना मॅडम, दोनदा. पण माझ्या पुढं दोघी होत्या.”

तिचं उत्तर खोटं नव्हतं आणि मी दिलेले गुणही नियमाला धरूनच होते. चूक परीक्षेच्या पद्धतीतच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांतल्या मुलांना जो संगणक साक्षरतेचा विषय शिकवला जातो, त्याची लेखी परीक्षा पूर्ण बंद करावी. गुण कमी करून, वस्तुनिष्ठ प्रश्न टाकून भागणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने संगणकासमोर एकट्याने बसून काम करून दाखवावं आणि त्याचेच गुण मिळावेत. एकोणीस वर्षं हा विषय शिकवल्यावर मी या मतापर्यंत आले आहे. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही संगणकाच्या पाच पिढ्यांचा तक्ता फळ्यावर काढून देत होते, हेही सांगायला हवं.

पाच पिढ्या म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, इंटिग्रेटेड सर्किट, मायक्रोप्रोसेसर आणि पुढची ती बुद्धिमान यंत्रं. आपल्याकडच्या कुठल्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकाचं हे पहिलं प्रकरण असतं. दुसरं प्रकरण इनपुट आणि आउटपुट साधनांचं. मग मेमरीचे प्रकार, रॅम आणि रॉममधला फरक, अमुक संक्षेपाचं पूर्ण रूप, तमुक संक्षेपाचं पूर्ण रूप. या मांडणीमागे कोणाचा आळस नव्हता. तिला एक काळ आहे. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा आधी देशभरातल्या फक्त अडीचशे शाळा निवडल्या होत्या आणि तिथे ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक आले होते. अख्ख्या जिल्ह्यात जे यंत्र दिसणं मुश्कील, त्याची ओळख वर्णनानेच करून द्यावी लागणार. आगगाडी न पाहिलेल्या मुलाला आपण चित्र दाखवतो तसंच ते. अभ्यासक्रम त्या टंचाईत घडला. टंचाई बऱ्याच अंशी सरली तरी अभ्यासक्रमाने जागा सोडली नाही, कारण वर्णनावर पेपर काढणं सोपं, छापणं सोपं आणि शेकडो महाविद्यालयांत एकाच दिवशी घेणं त्याहून सोपं.

पेपर लेखी आहे म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप ठरत जातं. प्राचार्यांच्या दृष्टीने तो वर्गात शिकवायचा विषय होतो, म्हणून ऐंशी मुलांची एक तुकडी करून चालते. मुलांच्या दृष्टीने तो पाठांतराचा विषय होतो, म्हणून गाईड पुरतं. आणि लॅब? अनेक महाविद्यालयांतली लॅब मी पाहिली आहे. दाराबाहेर चपला काढायच्या, आत निळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेले संगणक, भिंतीवर ‘शांतता राखा’. दसऱ्याला कीबोर्डवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. त्या पूजेतला आदर खरा आहे, आणि मला तो आवडतो. पण ज्या वस्तूला वर्षभर हात लावायचा नाही तिच्याबद्दल मुलांच्या मनात आदर कमी आणि धाक जास्त तयार होतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की आवरणं निघतात, एरवी किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला.

कोणी म्हणेल, प्रात्यक्षिक परीक्षा कागदोपत्री आजही असते, तिला गुणही असतात. असतात. त्यासाठी जर्नल लागतं. ते जर्नल महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतं, स्पायरल बाइंडिंगसह. सत्तर जर्नलांत एकाच पडद्याची सत्तर चित्रं, फक्त पहिल्या पानावरचं नाव वेगळं. म्हणून जर्नलही बंद करावं असं मला वाटतं. संगणकावर केलेल्या कामाचा पुरावा संगणकावरच असतो. फाईल कोणी, कधी, कितीदा बदलली हे ती फाईलच बऱ्याचदा सांगते.

यावर पहिला आक्षेप पालकांकडून येतो, आणि आता प्राध्यापकांकडूनही. आजच्या मुलांना काय शिकवायचं? ती मोबाइल घेऊनच जन्माला येतात. या बोलण्याला आकड्यांचा आधार आहे असं वरवर दिसतं. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी होती. जवळपास नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि बहुतेकांना तो वापरता येत होता. पण त्याच अहवालात पुढे आहे की फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी फक्त १९.८ टक्के मुलींकडे. म्हणजे पाचांतल्या चार मुली भावाचा, वडलांचा, आईचा फोन तेवढ्यापुरता हातात घेतात. संगणकाची गोष्ट तर आणखी वेगळी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ साली ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. त्यानंतर परिस्थिती बदलली असेल, तरी माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले की घरी संगणक असणारे हात अजून बोटांवर मोजता येतात.

आणि मोबाइल नेमकं काय शिकवतो? बोट फिरवायला, फोटो काढायला, पुढे पाठवायला. चांगलंच आहे ते. पण फाईल म्हणजे काय, ती कुठे असते, तिला नाव का द्यायचं, हे मोबाइल शिकवत नाही, उलट लपवतो. गेल्या वर्षी मी मुलांना एक साधं काम दिलं होतं. एक पानाचा अर्ज संगणकावर लिहा आणि तो मला ई-मेलने पाठवा. बावीस जणांपैकी नऊ जणांनी पडद्याचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. एकाने फाईल पाठवली, पण रिकामी, कारण लिहिलेलं जतनच केलं नव्हतं. एकीने विचारलं, “मॅडम, काल इथंच ठेवली होती, आज कुठं गेली?” ती दुसऱ्या संगणकावर बसली होती. या मुली-मुलांना मी कमी लेखत नाही. यातली बरीचशी मोबाइलवर व्हिडिओ असा कापून जोडतात की मला जमणार नाही. त्यांच्या हातात वेग आहे. पण काम टिकवून ठेवणं, शोधून काढणं, दुरुस्त करून पुन्हा देणं, या गोष्टी त्यांना कोणी दाखवलेल्याच नाहीत, आणि नोकरीतलं, शेतीच्या कागदपत्रांतलं, संशोधनातलं काम यावरच चालतं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं तिच्याकडे येते.

आपल्या राज्यात विद्यार्थ्याचं आणि त्याच्या घराचं जवळपास प्रत्येक सरकारी काम आता पडद्यावर होतं. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला ‘आपले सरकार’वर. सातबारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन. पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर, शेतात उभं राहून. प्रवेश परीक्षा, पोलीस भरती, तलाठी भरती, सगळे अर्ज ऑनलाइन. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा सेतू केंद्रांबाहेर बायकांच्या केवढ्या रांगा लागल्या होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या रांगांत माझ्या वर्गातल्या मुली आयांना घेऊन उभ्या होत्या. पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या, संगणकाच्या पेपरात पास झालेल्या मुली.

केंद्रावर काय होतं ते शिष्यवृत्तीच्या उदाहरणाने सांगते. मुलगी कागदं घेऊन जाते. चालक मुलगा तिच्यासाठी खातं उघडतो. तिचा ई-मेल नसतो, म्हणून तो नवा काढतो किंवा स्वतःचा टाकतो. तिच्याकडे फोन नसतो, म्हणून नंबर भावाचा किंवा केंद्राचा. पासवर्ड तो ठरवतो आणि काउंटरखालच्या वहीत लिहून ठेवतो. अर्ज जातो. दोन महिन्यांनी त्रुटी निघते, कागदपत्र पुन्हा टाका असा संदेश येतो, तो ज्या नंबरवर येतो तो नंबर तोवर बंद झालेला असतो किंवा भाऊ कामाला पुण्यात असतो. मुदत संपते. मुलगी माझ्याकडे येते तेव्हा तिला आपल्याच अर्जात शिरता येत नसतं. अशा किती मुली दरवर्षी माझ्या टेबलासमोर उभ्या राहतात ते मीच जाणते. केंद्र चालवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यातली बरीच आमचीच जुनी मुलं आहेत, आणि ती नसती तर तालुक्यातली अर्धी कामं अडली असती. पण पदवीच्या विद्यार्थिनीची ओळख, तिचा ओटीपी, तिचा पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत असणं मला साक्षरतेच्या विरुद्ध टोक वाटतं. अंगठा उठवणाऱ्या माणसाला निदान कळत तरी असे की आपल्याला वाचता येत नाही. इथे मुलीच्या गुणपत्रिकेवर संगणकाचा विषय उत्तीर्ण असा छापलेला असतो.

म्हणून या अभ्यासक्रमाचा पहिला महिना मी पूर्णपणे यावर घालवीन. प्रत्येकीचा स्वतःचा ई-मेल. स्वतः ठरवलेला पासवर्ड आणि तो विसरला तर परत मिळवण्याची रीत. दाखल्याचा कागद नीट स्कॅन करणं, त्याची पीडीएफ करणं, संकेतस्थळाने सांगितलेल्या केबीच्या मर्यादेत ती बसवणं. हे शेवटचं काम क्षुल्लक वाटतं, पण शिष्यवृत्तीचे किती अर्ज तिथेच अडतात. खोट्या संकेतस्थळाचा पत्ता खऱ्यापासून ओळखणं. फोनवर कोणी पोलीस असल्याचं सांगून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी दिली तर असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही हे माहीत असणं, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करणं. हे सगळं हाताने करून, एकदा चुकून, पुन्हा करून शिकायचं असतं. त्यावर टीपा लिहा म्हटलं की संपलं.

दुसरा महिना आकड्यांच्या तक्त्याचा. एक्सेल म्हणा, लिबर ऑफिसचं कॅल्क म्हणा, मला फरक पडत नाही. इथे माझ्या वर्गातलं एक काम सांगते. प्रत्येकाने घरातला किंवा गावातला एक खरा हिशेब आणायचा. कोणी दुधाच्या डेअरीची पंधरवड्याची चिठ्ठी आणते, कोणी किराणा दुकानाची उधारीची वही. एका मुलीने आईच्या बचत गटाची वही आणली. अकरा बायका, महिन्याला शंभर रुपये, अंतर्गत कर्ज, त्यावरचं व्याज. तिने तीन तास बसून सगळं तक्त्यात भरलं, बेरजेचं सूत्र लावलं, आणि वहीतली शिल्लक आणि तक्त्यातली शिल्लक जुळेना. आधी ती रडवेली झाली, आपलंच चुकलं म्हणून. मग एकेक ओळ तपासली. एका बाईचा हप्ता वहीत दोनदा जमा झाला होता. पुढच्या बैठकीला ती मुलगी आईबरोबर गेली आणि वही दुरुस्त झाली. त्या दिवशी तिला तक्त्याचं महत्त्व समजलं आणि त्याहून महत्त्वाची गोष्टही समजली, की पडद्यावर दिसलेली बेरीज तपासल्याशिवाय मानायची नसते.

ही सवय मोठमोठ्या ठिकाणीही कमी पडते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ करोनाबाधितांची नोंद गळली, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये भरली जात होती आणि त्या फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. उरलेल्या ओळी गेल्या आणि त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घ्यायला उशीर झाला. उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. रेनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध मांडला होता, त्यावर जगभरच्या राजकारण्यांनी खर्चकपातीची भाषणं केली. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गाचा गृहपाठ म्हणून ते गणित पुन्हा करायला घेतलं, ते जुळेना, तेव्हा लेखकांकडूनच मूळ फाईल मिळवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या. इतर आक्षेपांसह त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी हे २०१३ साली प्रसिद्ध केलं. आमच्या पेपरात ‘एक्सेलची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर पाठ असलेल्या किती मुलांना सूत्रात राहून गेलेल्या पाच ओळी दिसतील?

तिसरी गोष्ट मराठीची, आणि इथे माझा जीव अडकलेला आहे. कला शाखेच्या आमच्या मुलांचा प्रकल्प अहवाल मराठीत असतो. तो ती कशी टाइप करतात? बाहेर दुकानात पानाला अमुक रुपये देऊन. दुकानदार जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे तीच फाईल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. मुलगा मला ती फाईल दाखवून म्हणतो, व्हायरस आलाय. व्हायरस नसतो. युनिकोड म्हणजे काय हे त्याला तीन ओळींत सांगितलं असतं तर ते पुरलं असतं. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, त्यामुळे ते अक्षर कुठेही उघडलं तरी तेच दिसतं, त्यात शोधता येतं, ते इंटरनेटवर सापडतं. आणि इन्स्क्रिप्ट कळफलक तर विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मुळातच असतो, एक पैसा लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’च्या कळीला शिफ्ट लावली की ‘ख’, ‘ग’ला लावली की ‘घ’. ‘ल’ला शिफ्ट लावली की आपला ‘ळ’ आणि ‘र’ला लावली की ‘ऱ’, तो ‘दुसऱ्या’तला आणि ‘तऱ्हे’तला. बाराखडी शिकलेल्या मुलाला ही मांडणी परकी वाटत नाही. रोज अर्धा तास, वीस दिवस, एवढ्यात माझी मुलं न बघता टाइप करायला लागतात. सरकारी लिपिकाच्या पदाला मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला तीस शब्द लागतो, तो पुढच्या सरावाने येतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली भाषा संगणकात आपल्या हाताने लिहिता येते हा अनुभव. जी मुलगी आयुष्यभर मराठी रोमन अक्षरांत लिहीत आली, तिने पडद्यावर आपल्या गावाचं नाव देवनागरीत उमटवलं की तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी इथे लिहून दाखवू शकत नाही.

शिकवण्याची भाषाही मराठीच हवी. मेनूवरचे शब्द इंग्रजी असू देत, ‘सेव्ह’ला ‘सेव्ह’च म्हणा, पण का आणि कसं हे मराठीत सांगा. एमएस-सीआयटीचं मोठं काम मी इथेच मानते. २००१ नंतर एमकेसीएलने, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, तो संगणक अभ्यासक्रम तालुक्यांत, बाजाराच्या गावांत नेला, मराठीतून नेला, आणि एका पिढीने पहिल्यांदा माउस हातात धरला तो तिथे. मग महाविद्यालयात वेगळं कशाला, असं काही सहकारी म्हणतात. कारण तो अभ्यासक्रम पैसे भरून करायचा असतो, आणि आता तो बहुतेक जण सरकारी नोकरीच्या अर्जातली अट म्हणून करतात. पदवीच्या आत, शुल्कात धरलेलं, सगळ्यांना सारखं मिळणारं शिक्षण ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात डिजिटल आणि तंत्रज्ञानविषयक उपाय हा मूल्यवर्धित अभ्यासक्रमांचा एक विषय म्हणून घातलेला आहे. जागा आहे. ती पुन्हा पाच पिढ्यांनी भरायची की नाही एवढंच ठरवायचं आहे.

आता खरी अडचण, जी प्राचार्य मला दरवेळी सांगतात. मुलं दोनशे चाळीस, संगणक वीस. कसं जमवायचं? हे गणित मी अनेकदा करून पाहिलं आहे. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात तीस तास लागतात. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तास, पंधरा आठवड्यांत दर आठवड्याला चार. वीस-वीसच्या बारा बॅच केल्या तर आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लॅब भरलेली. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सहा दिवस, म्हणजे चोपन्न तास होतात. बसतं. अर्धी मुलं पहिल्या सत्रात आणि अर्धी दुसऱ्या सत्रात घेतली तर चोवीस तासच लागतात आणि उरलेल्या वेळात लॅब सरावाला उघडी राहते. एका संगणकावर दोघं बसवून मात्र हा प्रश्न सोडवू नये. दोघांत एक जण करतो आणि दुसरा बघतो, आणि बघणारी बहुतेक वेळा मुलगी असते. माझ्या पुढं दोघी होत्या, हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही.

संगणक पुरतात. माणूस पुरत नाही, आणि याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. हा विषय बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक शिकवतात. त्यांना प्रात्यक्षिकाच्या तासाला वर्गातल्या तासापेक्षा कमी मानधन मिळतं. म्हणजे फळ्यावर पिढ्या लिहिणाऱ्याला जास्त आणि वीस मुलांच्या मागे उभं राहून प्रत्येकाची फाईल बघणाऱ्याला कमी. शासनाने हा फरक या विषयापुरता तरी मिटवावा. तासाला तास. त्याशिवाय कोणी लॅबमध्ये मनापासून उभं राहणार नाही, आणि त्याने राहावं अशी अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे. सॉफ्टवेअरचा खर्च हा मुद्दाच नाही. केरळने शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम उभा केला, २०१७ पासून तो ‘काइट’ या नावाने चालतो. तिथे सगळी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर शिकते, मल्याळममधूनही शिकते, आणि दहावीच्या मुलांना संगणकावर बसून परीक्षा द्यावी लागते. आपण पदवीच्या मुलांकडून पट्टीने आकृत्या काढून घेतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात सांगते, कारण हल्ली ती आली की बाकीची चर्चा थांबते. मुलं गृहपाठ चॅटजीपीटीकडून लिहून आणतात, हे खरं. पण म्हणून संगणक शिकवायची गरज संपली हे मला पटत नाही. रॅम आणि रॉममधला फरक लिहा, हा प्रश्न कोणतंही यंत्र क्षणात सोडवतं. ज्या परीक्षेचं उत्तर यंत्र देतं ती परीक्षा माणसाची काय घेणार? बचत गटाच्या वहीतला दोनदा पडलेला हप्ता मात्र त्या मुलीलाच शोधावा लागला, कारण वही तिच्या हातात होती आणि त्या बाईला ती ओळखत होती. यंत्राने दिलेलं उत्तर मुळाशी जाऊन तपासणं हे काम मी याच अभ्यासक्रमात घेते. यंत्राला आपल्या तालुक्याची माहिती विचारायची आणि जनगणनेच्या किंवा जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ती पडताळायची. मुलं दर वेळी काही ना काही चूक पकडून आणतात आणि ती सापडली की त्यांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

पुढच्या महिन्यात आमच्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक आहे. लेखी पेपर काढून टाकावा असा प्रस्ताव मी लेखी दिला आहे आणि त्याबरोबर परीक्षेचा एक नमुनाही जोडला आहे. बारा बॅच, प्रत्येकी दीड तास, दोन-तीन दिवसांत सगळी मुलं होतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यापेक्षा यात वेळ जास्त जात नाही.

नमुन्यात तीन कामं आहेत. एक, सोबत दिलेल्या कागदी वहीतला तीन महिन्यांचा दुधाचा हिशेब तक्त्यात भरा, शिल्लक काढा, वहीत एक चूक मुद्दाम ठेवली आहे ती शोधा. दोन, त्या चुकीबद्दल डेअरीच्या सचिवांना देवनागरीत एक पानाचा अर्ज लिहा, त्यात तक्ता घाला, पीडीएफ करा, ती दोनशे केबीपेक्षा लहान करा. तीन, ती फाईल स्वतःच्या ई-मेलवरून परीक्षकांना पाठवा, आणि नंतर परीक्षक सांगतील ती एक दुरुस्ती करून पुन्हा पाठवा. प्रत्येकाला स्वतंत्र संगणक. इंटरनेट सुरू राहील. वही, गाईड, मोबाइल, जे हवं ते जवळ ठेवायला हरकत नाही.